एचटीटीपी विनंती पद्धती

एचटीटीपी विनंती पद्धत म्हणजे एचटीटीपी या प्रोटोकॉलनुसार पाठवलेल्या प्रत्येक विनंतीच्या आरंभी येणारा, त्या विनंतीचा हेतू सांगणारा शब्द होय. गेट, पोस्ट, पुट, पॅच आणि डिलीट या त्यांतील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धती आहेत. विनंतीतील पत्ता 'कशाविषयी' ते सांगतो, तर पद्धत 'काय करायचे' ते सांगते.

संकेतस्थळे पाहताना वाचकाला या पद्धतींची जाणीव सहसा होत नाही. एपीआय, म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसऱ्या प्रणालीशी व्यवहार करावा यासाठी खुला ठेवलेला मार्ग, तयार करताना अथवा वापरताना मात्र प्रत्येक कृतीसाठी योग्य पद्धत निवडावी लागते. ही निवड केवळ नावाची नसते. ब्राउझर, प्रॉक्सी, कॅश आणि शोधयंत्रांचे बॉट हे घटक विनंतीतील मजकूर समजून घेत नाहीत. ती विनंती पुन्हा पाठवावी का, तिचे उत्तर साठवून ठेवावे का, वापरकर्त्याने मागण्याआधीच ती पाठवावी का, हे ते प्रामुख्याने पद्धतीच्या नावावरून ठरवतात. त्यामुळे पद्धत चुकीची निवडली गेल्यास माहिती नष्ट होणे किंवा एकच व्यवहार दोनदा नोंदला जाणे असे परिणाम संभवतात.

## स्वरूप

एचटीटीपी १.१ मध्ये विनंतीच्या पहिल्या ओळीत तीन भाग असतात: पद्धतीचे नाव, ज्या संसाधनाविषयी विनंती आहे त्याचा पत्ता आणि प्रोटोकॉलची आवृत्ती. त्यानंतर शीर्षके येतात व आवश्यकता असल्यास विनंतीचा मजकूर येतो. 'संसाधन' ही येथे व्यापक संज्ञा आहे. एखादे पान, चित्र, ग्रंथाची नोंद, नोंदींची संपूर्ण यादी किंवा एखादी प्रक्रिया, ज्याला स्वतंत्र पत्ता देता येतो ते सर्व संसाधन होय. एचटीटीपी २ आणि एचटीटीपी ३ या पुढील आवृत्त्यांमध्ये संदेशाची मांडणी द्विमान स्वरूपाची झाली, तरी पद्धतींचे अर्थ बदललेले नाहीत.

प्रमाणित पद्धतींची नावे इंग्रजी मोठ्या लिपीत लिहितात. नावांच्या बाबतीत लहान व मोठ्या लिपीतील भेद मानला जातो, म्हणून लहान लिपीत लिहिलेले नाव तांत्रिकदृष्ट्या वेगळी पद्धत ठरते. मान्यताप्राप्त पद्धतींची नोंदवही 'आयाना' ही संस्था सांभाळते.

सर्व्हर आपल्या प्रतिसादात तीन अंकी स्थितिसंकेत देतो. मागितलेली पद्धत सर्व्हरला ठाऊक आहे, परंतु त्या संसाधनावर ती चालत नाही, अशा वेळी ४०५ हा संकेत दिला जातो व कोणत्या पद्धती चालतात त्यांची यादी 'अलाउ' या शीर्षकात द्यावी लागते. पद्धतच अपरिचित असेल, तर ५०१ हा संकेत योग्य ठरतो.

## इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत विकसित केलेल्या एचटीटीपीच्या १९९१ मधील आरंभीच्या रूपात 'गेट' ही एकच पद्धत होती. या रूपाला पुढे ०.९ आवृत्ती असे नाव मिळाले. क्लायंटने एका ओळीत गेट हा शब्द व पत्ता पाठवायचा आणि सर्व्हरने दस्तऐवज परत द्यायचा, एवढाच व्यवहार त्यात होता. १९९२ च्या आराखड्यात हेड, पुट, डिलीट, पोस्ट यांच्याबरोबर चेकआउट, चेकइन, टेक्स्टसर्च अशाही पद्धती सुचवल्या होत्या. त्यांतील बऱ्याच पुढे मागे पडल्या.

मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजाने १.० आवृत्तीचे वर्णन केले. त्याच्या मुख्य भागात गेट, हेड आणि पोस्ट या तीनच पद्धती होत्या. पुट व डिलीट यांचा उल्लेख परिशिष्टात होता. जानेवारी १९९७ मधील आरएफसी २०६८ ने १.१ आवृत्तीत पुट, डिलीट, ऑप्शन्स व ट्रेस यांना मुख्य पद्धतींत स्थान दिले. जून १९९९ मधील आरएफसी २६१६ मध्ये कनेक्ट हे नाव राखून ठेवण्यात आले.

२००० साली रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात 'रेस्ट' ही रचनाशैली मांडली. सर्व संसाधनांशी एकाच समान पद्धतीसंचाद्वारे व्यवहार व्हावा, हे या शैलीचे एक प्रमुख तत्त्व आहे. एपीआयच्या क्षेत्रात या शैलीचा प्रसार झाल्यावर पद्धतींच्या अचूक अर्थांना नवे महत्त्व आले. नोंदीचा केवळ काही भाग बदलण्यासाठी पॅच ही पद्धत मार्च २०१० मध्ये आरएफसी ५७८९ द्वारे प्रमाणित झाली. एचटीटीपीच्या अर्थविषयक नियमांचे सध्याचे प्रमाण दस्तऐवज म्हणजे जून २०२२ मधील आरएफसी ९११० होय.

## पद्धतींचे गुणधर्म

पद्धतीची निवड तीन गुणधर्मांच्या आधारे केली जाते. प्रत्येक गुणधर्म हे मधल्या घटकांना दिलेले एक आश्वासन असते.

### निर्धोकता

ज्या पद्धतीने सर्व्हरवरील माहितीत बदल घडवण्याची मागणी केली जात नाही, ती पद्धत निर्धोक समजली जाते. गेट, हेड, ऑप्शन्स आणि ट्रेस या निर्धोक पद्धती आहेत. निर्धोक विनंतीमुळे काहीच घडत नाही, असा याचा अर्थ नव्हे. सर्व्हर भेटींची नोंद ठेवू शकतो किंवा वाचकसंख्या वाढवू शकतो. मात्र असे आनुषंगिक बदल विनंती करणाऱ्याने मागितलेले नसतात व त्यांसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. शोधयंत्राचा बॉट लक्षावधी दुवे निःशंकपणे उघडू शकतो, तो याच आश्वासनाच्या बळावर.

### एकपरिणामता

एखादी विनंती एकदा पाठवली काय किंवा तशीच अनेकदा पाठवली काय, सर्व्हरवर अपेक्षित असलेला परिणाम सारखाच राहत असेल, तर त्या पद्धतीला या लेखात एकपरिणामी म्हटले आहे. सर्व निर्धोक पद्धती एकपरिणामी असतात. पुट व डिलीट या निर्धोक नसल्या तरी एकपरिणामी आहेत. 'हे नाव अमुक करा' ही आज्ञा दहा वेळा दिली तरी नाव तेच राहते. 'आणखी एक नोंद करा' ही आज्ञा दहा वेळा दिल्यास दहा नोंदी होतात.

एकपरिणामतेचा संबंध सर्व्हरवरील परिणामाशी असतो, प्रतिसादाशी नसतो. पहिल्या डिलीट विनंतीला २०४ व दुसरीला ४०४ असा भिन्न संकेत मिळाला, तरी संसाधन अस्तित्वात नसणे हा परिणाम दोन्ही वेळी एकच आहे.

या गुणधर्माचे महत्त्व जोडणी तुटते तेव्हा कळते. विनंती पाठवल्यानंतर प्रतिसाद येण्यापूर्वीच जोडणी खंडित झाली, तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही की काम पूर्ण होऊन केवळ उत्तर हरवले, हे क्लायंटला कळण्याचा मार्ग नसतो. विनंती एकपरिणामी असल्यास ती बिनधोकपणे पुन्हा पाठवता येते. ती तशी नसल्यास आपोआप पुन्हा पाठवू नये, असा प्रमाण दस्तऐवजाचा निर्देश आहे.

### कॅशयोग्यता

ज्या पद्धतीच्या प्रतिसादाची प्रत साठवून पुढील विनंतीसाठी वापरता येते, ती कॅशयोग्य होय. गेट आणि हेड या व्यवहारात कॅशयोग्य असलेल्या पद्धती आहेत. पोस्टचा प्रतिसादही विशिष्ट अटी पाळल्यास साठवता येतो, परंतु अशी सोय फारच थोड्या कॅश प्रणालींत आढळते.

| पद्धत | मुख्य हेतू | निर्धोक | एकपरिणामी | कॅशयोग्य |
|---|---|---|---|---|
| गेट | संसाधन वाचणे | होय | होय | होय |
| हेड | केवळ शीर्षके मिळवणे | होय | होय | होय |
| पोस्ट | माहिती प्रक्रियेसाठी सोपवणे | नाही | नाही | अटींवर |
| पुट | संसाधन पूर्णतः बदलणे | नाही | होय | नाही |
| पॅच | संसाधनाचा अंश बदलणे | नाही | हमी नाही | अटींवर |
| डिलीट | संसाधन काढून टाकणे | नाही | होय | नाही |
| ऑप्शन्स | उपलब्ध पर्याय विचारणे | होय | होय | नाही |
| ट्रेस | विनंती जशीच्या तशी परत मिळवणे | होय | होय | नाही |
| कनेक्ट | प्रॉक्सीतून थेट मार्ग उघडणे | नाही | नाही | नाही |

## प्रमुख पद्धती

पुढील विवेचनात सोयीसाठी एका ग्रंथालयाच्या एपीआयचे काल्पनिक उदाहरण घेतले आहे. त्यात '/ग्रंथ' हा संपूर्ण संग्रहाचा पत्ता असून '/ग्रंथ/१२५' हा एका ग्रंथाच्या नोंदीचा पत्ता आहे.

### गेट आणि हेड

गेट ही पद्धत संसाधनाची सद्यस्थिती मागते. '/ग्रंथ/१२५' या पत्त्यावरील गेट विनंतीने त्या ग्रंथाची नोंद मिळते. '/ग्रंथ' या पत्त्याला लेखक, विषय यांसारखे निकष प्रश्नचिन्हानंतर जोडल्यास निवडक यादी मिळते. हेडचा प्रतिसाद गेटसारखाच असतो, परंतु त्यात मजकूर नसतो. मोठी फाइल उतरवून घेण्यापूर्वी तिचा आकार किंवा ती शेवटची कधी बदलली हे पाहण्यासाठी हेड उपयोगी पडते.

गेट विनंतीसोबत मजकूर पाठवण्यास प्रमाण दस्तऐवजाने सर्वसाधारण अर्थ दिलेला नाही. काही सर्व्हर व प्रॉक्सी अशी विनंती नाकारतात, तर काही त्या मजकुराकडे दुर्लक्ष करतात. म्हणून शोधाचे निकष पत्त्यातच द्यावे लागतात.

### पोस्ट

पोस्ट ही पद्धत दिलेली माहिती लक्ष्य संसाधनाकडे सोपवते व त्या माहितीचे काय करायचे ते त्या संसाधनाच्या नियमांवर सोडते. '/ग्रंथ' या पत्त्यावर नव्या ग्रंथाचा तपशील पोस्ट केल्यास सर्व्हर नोंद तयार करतो, तिला क्रमांक देतो आणि २०१ या संकेतासह नवा पत्ता 'लोकेशन' शीर्षकात कळवतो. पोस्टचा अर्थ 'निर्मिती' एवढाच नाही. गणना करणे, संदेश पाठवणे, व्यवहार सुरू करणे अशी इतर पद्धतींत न बसणारी कामेही पोस्टनेच केली जातात.

### पुट

पुट ही पद्धत दिलेल्या पत्त्यावरील संसाधनाच्या जागी पाठवलेले रूप ठेवण्यास सांगते. त्या पत्त्यावर आधी काही नसल्यास नवे संसाधन तयार होऊ शकते व २०१ हा संकेत येतो. असलेले संसाधन बदलल्यास २०० किंवा २०४ हा संकेत येतो.

पुटमध्ये पूर्ण रूप पाठवणे अभिप्रेत असते. एखाद्या सभासदाच्या नोंदीत नाव, पत्ता आणि दूरध्वनी ही तीन क्षेत्रे असताना केवळ नवा दूरध्वनी क्रमांक पुट केला, तर नियमाप्रमाणे वागणारा सर्व्हर नाव व पत्ता काढून टाकेल. अंशतः बदलासाठी पुट वापरणे ही एपीआय रचनेतील वारंवार आढळणारी चूक आहे.

### पॅच

पॅच विनंतीत संसाधनाचे संपूर्ण रूप नसते, तर त्यात करावयाच्या बदलांचे वर्णन असते. हे वर्णन कोणत्या स्वरूपात आहे ते विनंतीच्या शीर्षकावरून कळते. जेसन पॅच (आरएफसी ६९०२, २०१३) या स्वरूपात 'जोडा', 'काढा', 'बदला' अशा क्रियांची क्रमवार यादी असते. जेसन मर्ज पॅच (आरएफसी ७३९६, २०१४) या स्वरूपात केवळ बदललेली क्षेत्रे पाठवतात आणि एखादे क्षेत्र काढून टाकायचे असल्यास त्याचे मूल्य 'नल' असे देतात. परिणामी नल हे मूल्य खरोखरच साठवायचे असेल, तर मर्ज पॅच उपयोगी पडत नाही.

पॅच एकपरिणामी असेलच असे नाही. 'शीर्षक अमुक करा' हा बदल पुन्हा लागू केल्याने काही बिघडत नाही. 'यादीच्या शेवटी एक नाव जोडा' हा बदल पुन्हा लागू झाल्यास ते नाव दोनदा येते.

### डिलीट

डिलीट ही पद्धत दिलेल्या पत्त्याचा त्यामागील संसाधनाशी असलेला संबंध तोडण्यास सांगते. साठवलेली माहिती प्रत्यक्षात पुसली जाते की केवळ दृष्टिआड होते, हे सर्व्हरवर अवलंबून असते. काम पूर्ण झाल्यास सहसा २०४ व ते नंतर होणार असल्यास २०२ हा संकेत दिला जातो.

### इतर पद्धती

ऑप्शन्स ही पद्धत संसाधनावर कोणत्या कृती शक्य आहेत ते विचारते. एका संकेतस्थळावरील जावास्क्रिप्ट दुसऱ्या संकेतस्थळाच्या एपीआयला पुट, पॅच किंवा डिलीट विनंती पाठवू पाहते, तेव्हा ब्राउझर आधी ऑप्शन्स पाठवून त्या सर्व्हरची परवानगी घेतो. ट्रेस निदानासाठी आहे, परंतु सुरक्षेच्या कारणास्तव ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला ती वापरता येत नाही व अनेक सर्व्हरवर ती बंद ठेवलेली असते. कनेक्ट मुख्यतः प्रॉक्सीतून कूटबद्ध जोडणी करण्यासाठी वापरतात. वेबडॅव्ह या विस्तारात प्रॉपफाइंड, कॉपी, मूव्ह, लॉक अशा आणखी पद्धती आहेत.

## योग्य पद्धतीची निवड

बहुतेक प्रसंगी पुढील प्रश्न क्रमाने विचारल्यास निवड निश्चित होते.

1. विनंतीमुळे काही बदलावे अशी अपेक्षा आहे का? नसल्यास गेट, आणि मजकूर नको असल्यास हेड. अपेक्षा असल्यास गेट कधीही वापरू नये.
2. संसाधन काढून टाकायचे आहे का? असल्यास डिलीट.
3. नव्या संसाधनाचा पत्ता कोण ठरवतो? सर्व्हर ठरवत असल्यास संग्रहाच्या पत्त्यावर पोस्ट. क्लायंटला अंतिम पत्ता आधीच ठाऊक असल्यास त्या पत्त्यावर पुट.
4. असलेले संसाधन बदलताना पूर्ण रूप पाठवले जाते की काही भाग? पूर्ण रूप असल्यास पुट, काही भाग असल्यास पॅच.
5. वरीलपैकी काहीच लागू होत नाही का? तर पोस्ट.

तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. 'निर्मितीसाठी पोस्ट व बदलासाठी पुट' असे समीकरण प्राथमिक पाठांत सांगितले जाते, परंतु ते अपुरे आहे. पुटनेही निर्मिती होऊ शकते. दोहोंतील खरा भेद असा की, पोस्टचा पत्ता 'ही माहिती कोणाच्या हाती द्यायची' ते सांगतो, तर पुटचा पत्ता 'ही माहिती नेमकी कोठे ठेवायची' ते सांगतो.

चौथ्या प्रश्नाला जोडून एकाच वेळी होणाऱ्या बदलांचा विचार करावा लागतो. दोन ग्रंथपालांनी एकच नोंद वाचली व दोघांनी ती एकापाठोपाठ पुट केली, तर दुसऱ्याच्या बदलाखाली पहिल्याचा बदल गाडला जातो. हे टाळण्यासाठी सर्व्हर प्रत्येक रूपाला 'ईटॅग' ही खूण देतो आणि बदल पाठवणारा ती खूण 'इफ-मॅच' या शीर्षकात परत देतो. मधल्या काळात नोंद बदललेली असल्यास सर्व्हर ४१२ या संकेताने विनंती नाकारतो.

## प्रचलित एपीआयमधील वापर

गिटहबच्या एपीआयमध्ये नवी समस्या नोंदवण्यासाठी पोस्ट व तिच्यात फेरफार करण्यासाठी पॅच वापरतात. एखाद्या कोशाला तारांकित करण्यासाठी मात्र पुट व तारांकन काढण्यासाठी डिलीट वापरतात. तारांकन एकदा झाले की पुन्हा तीच विनंती आल्याने काही बदलत नाही, म्हणून येथे एकपरिणामी पद्धत शोभते.

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तिच्या जुन्या एपीआयमध्ये पाने वाचण्यासाठी गेट पुरते, परंतु संपादन केवळ पोस्टनेच स्वीकारले जाते व त्यासोबत सुरक्षा टोकन द्यावे लागते. तिच्या नव्या रेस्ट एपीआयमध्ये नवे पान पोस्टने तयार करतात. असलेले पान पुटने बदलताना आपण कोणत्या आवृत्तीवरून संपादन केले तिचा क्रमांक द्यावा लागतो. दरम्यान दुसऱ्याने केलेल्या बदलाशी संघर्ष झाल्यास ४०९ हा संकेत येतो.

स्ट्राइप या देयकसेवेच्या एपीआयमध्ये निर्मिती आणि बदल या दोन्हींसाठी पोस्ट वापरतात. पोस्ट एकपरिणामी नसल्याची उणीव भरून काढण्यासाठी क्लायंट प्रत्येक व्यवहाराला स्वतः एक अनन्य किल्ली देतो. त्याच किल्लीची विनंती पुन्हा आल्यास सर्व्हर नवा व्यवहार न करता आधीचेच उत्तर परत देतो. ग्राहकाच्या खात्यातून पैसे दोनदा वळते होऊ नयेत, यासाठी अशी व्यवस्था आवश्यक ठरते.

## चुकीच्या निवडीचे परिणाम

सर्वांत गंभीर परिणाम बदल घडवणाऱ्या कृतीसाठी गेट वापरल्याने होतात. मे २००५ मध्ये गूगलने 'वेब ॲक्सिलरेटर' हे साधन प्रसिद्ध केले. पाने लवकर उघडावीत म्हणून हे साधन वापरकर्त्याच्या पानावरील दुवे आधीच उघडून ठेवत असे. त्या काळी अनेक वेब प्रणालींत 'काढून टाका' ही सोय साध्या दुव्याच्या, म्हणजे गेटच्या रूपात दिलेली होती. वापरकर्त्याने प्रवेश केलेला असताना हे साधन असे दुवेही उघडू लागले आणि नोंदी नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या. ३७सिग्नल्स या कंपनीने यावर जाहीर आक्षेप घेतला. 'खरोखर काढायचे का?' असे विचारणाऱ्या जावास्क्रिप्टच्या चौकटींचा उपयोग झाला नाही, कारण ते साधन जावास्क्रिप्ट न चालवता थेट दुव्याचा पत्ता मागवत होते. दोष कोणाचा यावर बरीच चर्चा झाली. गेटने केवळ माहिती मिळवावी असे प्रमाण दस्तऐवजात १९९० च्या दशकापासूनच नमूद होते, याकडे या प्रसंगाने अनेकांचे लक्ष वेधले.

ईमेलमधील 'सदस्यत्व रद्द करा' या दुव्यांबाबतही हाच प्रश्न उद्भवला. हानिकारक मजकूर तपासणाऱ्या प्रणाली ईमेलमधील दुवे स्वतः उघडून पाहतात. केवळ दुवा उघडल्याने सदस्यत्व रद्द होत असेल, तर वाचकाच्या नकळत ते रद्द होते. म्हणून जानेवारी २०१७ मधील आरएफसी ८०५८ ने एका टिचकीने सदस्यत्व रद्द करण्याच्या सोयीसाठी पोस्टची योजना केली.

सुरक्षेच्या दृष्टीनेही असा गेट धोक्याचा आहे. दुसऱ्या संकेतस्थळावरील चित्राच्या पत्त्यात अशी विनंती दडवल्यास वापरकर्त्याचा ब्राउझर ती त्याच्या नावाने पाठवू शकतो. कुकीच्या 'सेमसाइट' या बंधनाचा 'लॅक्स' हा प्रकार परक्या संकेतस्थळावरून आलेल्या पोस्ट विनंतीसोबत कुकी जाऊ देत नाही. दुव्यावरून पान उघडणाऱ्या गेट विनंतीसोबत मात्र तो कुकी जाऊ देतो. त्यामुळे बदलासाठी गेट वापरणारी प्रणाली या संरक्षणाला मुकते.

उलट दिशेची चूक, म्हणजे साध्या वाचनासाठी पोस्ट वापरणे, तितकी घातक नसते. मात्र तिचीही किंमत मोजावी लागते. उत्तर साठवता येत नाही, दुवा दुसऱ्याला पाठवता येत नाही आणि जोडणी तुटल्यास विनंती आपोआप पुन्हा पाठवता येत नाही. पोस्टने आलेले पान ताजे करताना ब्राउझर माहिती पुन्हा पाठवण्याविषयी इशारा देतो तो याचमुळे. अर्ज सादर झाल्यावर सर्व्हरने ३०३ या संकेताने दुसऱ्या पानाकडे वळवले, तर ते पान गेटने उघडते व हा प्रश्न उरत नाही.

पुनर्निर्देशनातही पद्धत बदलण्याचा धोका असतो. ३०१ व ३०२ या संकेतांनंतर अनेक क्लायंट पोस्टचे रूपांतर गेटमध्ये करतात आणि मजकूर गळून जातो. पद्धत कायम राहावी असे वाटत असल्यास तात्पुरत्या बदलासाठी ३०७ व कायमच्या बदलासाठी ३०८ हे संकेत वापरावे लागतात.

## मर्यादा आणि तडजोडी

काही प्रसंगी अर्थाने योग्य असलेली पद्धत व्यवहारात वापरता येत नाही. एचटीएमएलमधील अर्ज सर्व्हरकडे केवळ गेट किंवा पोस्टने पाठवता येतात. म्हणून काही प्रणालींत पोस्ट विनंतीतच दडलेल्या क्षेत्रातून अथवा विशेष शीर्षकातून मूळ हेतूची पद्धत कळवली जाते.

गेटमधील निकष पत्त्यात लिहावे लागत असल्याने लांबीची मर्यादा येते. किमान ८००० बाइट लांबीचे पत्ते सर्वांनी स्वीकारावेत अशी आरएफसी ९११० ची शिफारस आहे. पत्ता फारच लांब झाल्यास सर्व्हर ४१४ हा संकेत देऊ शकतो. देवनागरी मजकुराला ही मर्यादा लवकर जाणवते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात व पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटची ३ अक्षरे होतात. परिणामी एका चिन्हाची ९ अक्षरे होतात. 'महाराष्ट्र' या शब्दात काना व पायमोडीची चिन्हे धरून १० चिन्हे आहेत, त्यामुळे पत्त्यात तो ९० अक्षरांची जागा घेतो. या हिशेबाने ८००० बाइटांत ८८८ देवनागरी चिन्हांहून अधिक मजकूर मावत नाही.

पत्त्यातील माहिती सर्व्हरच्या नोंदवहीत व ब्राउझरच्या इतिहासात उरते. जोडणी कूटबद्ध असली तरी हे टळत नाही. त्यामुळे परवलीचा शब्द किंवा आरोग्यविषयक तपशील गेटच्या पत्त्यात देणे अयोग्य मानले जाते. अशा वेळी वाचनाच्या कृतीसाठीही पोस्ट निवडणे समर्थनीय ठरते. इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीत गुंतागुंतीचे शोध मजकुरासह गेटने पाठवता येतात, परंतु ज्या क्लायंटना ते जमत नाही त्यांच्यासाठी पोस्टचीही सोय आहे. ही अडचण दूर करण्यासाठी गेटप्रमाणे निर्धोक व एकपरिणामी, परंतु मजकूर वाहून नेणारी 'क्वेरी' ही पद्धत आयईटीएफच्या एचटीटीपी कार्यगटाने विचारार्थ घेतली.

सोप, जीआरपीसी आणि ग्राफक्यूएल या संवादशैलींमध्ये प्रामुख्याने पोस्टचाच वापर होतो व कृतीचा खरा अर्थ मजकुरात दिला जातो. त्यामुळे पद्धत निवडण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र पद्धतीच्या नावावरून मधल्या घटकांना मिळणारी माहितीही नाहीशी होते, आणि उत्तर साठवणे, विनंती पुन्हा पाठवणे यांविषयीचे नियम त्या त्या प्रणालीला स्वतंत्रपणे ठरवावे लागतात.